‘कुठं’ विचारायचं नाही

आमच्या कॉलनीत गेल्या पावसाळ्यापासून कोणी माझी चौकशी करत नाही. भेटेल तो एकच विचारतो, बोलतात का हो आता? भाजीच्या गाडीपाशी, दवाखान्याच्या पायरीवर, एकदा तर कुणाच्या तेराव्याच्या पंगतीत, हातात जिलबी धरून. प्रश्न माझ्या नवऱ्याबद्दल असतो. श्रावणात एका सकाळी दाढी करता करता त्यांच्या हातातून ब्रश गळून पडला, उजवी बाजू लुळी पडली आणि वाचा गेली. पाय हळूहळू बराचसा परत आला, हात अर्धामुर्धा आला, वाचा मात्र जी गेली ती गेलीच. डॉक्टर म्हणाले, डोकं शाबूत आहे, समोरच्याचं सगळं कळतं, शब्दही आत आहेत, फक्त बाहेर यायची वाट बंद झालीय. ती कधी उघडेल, उघडेल की नाही, सांगता येत नाही. तोवर ‘हं’ आणि ‘अं’ या दोन आवाजांवर आमचा संसार चालू होता.

खरं सांगायचं तर आधीही तो फार शब्दांवर चालत नव्हता. यांनी आयुष्यभर हायस्कुलात गणित शिकवलं. गणिताच्या मास्तरला एकदा उत्तर आलं की पुढे बोलायची गरज वाटत नाही, हे मला लग्नानंतर लवकरच कळलं. घरात त्यांची ठेवणीतली वाक्यं तीन. चहा झाला का, पंखा कोणी चालू ठेवला, आणि आज मीठ कमी आहे. या तीन वाक्यांवर मी मुलगा वाढवला, त्याचं लग्न लावलं, घर बांधलं. मैत्रिणी म्हणायच्या, तुझं बाई बरं आहे, शांत नवरा मिळाला. मी म्हणायचे, घेऊन जा आठ दिवस. आणि तरी ती तीन वाक्यं बंद झाली तेव्हा घर मला खायला उठलं. मला ती परत हवी होती. त्यातही मिठाचं सगळ्यात आधी.

वाचा परत आणायचे उपाय सगळ्या नातेवाइकांना माहीत होते. वेखंड उगाळून जिभेला लावा. सकाळी उठल्याबरोबर शंख फुंकायला द्या. एक चुलत नणंद आली, ती यांच्यासमोर खुर्ची ओढून बसली आणि बाळाला शिकवावं तसं म्हणायला लागली, म्हणा दादा, आ-ई, म्हणा बा-बा. यांनी तिच्याकडे जे पाहिलं ते कॉपी करताना सापडलेल्या पोराकडे पाहायचे तसं. ती बिचारी सरबत अर्धं टाकून गेली. शाळेतले एक जुने सहकारी आले, ते यांच्याशी गल्लीला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने बोलत होते. मी म्हटलं, अहो, यांचे कान चांगले आहेत. त्यावर त्यांनी मला तितक्याच मोठ्याने विचारलं, काय म्हणालात? तेव्हा लक्षात आलं की कान त्यांचे गेले होते.

या सगळ्यांपेक्षा डॉक्टरांनी पाठवलेली स्पीच थेरपीवाली मुलगी बरी. निदान ती शिकलेली होती आणि सरबत घेत नव्हती. ती यांच्यासमोर चित्रांची कार्डं धरायची. आंबा, हत्ती, घड्याळ. काका, हे काय आहे सांगा बरं? हे हत्तीकडे बघायचे, मग तिच्याकडे बघायचे, मग खिडकीबाहेर. हत्तीला हत्ती म्हणून सांगायची वेळ आपल्यावर आली याचा त्यांना अपमान वाटत होता. मला कळत होतं, पण करणार काय? दिवाळीनंतर एक दिवस तिने कार्डं बॅगेत भरली आणि मला विचारलं, काकांना आधी कशाची आवड होती? मी म्हटलं, तळ्यावर गळ टाकून बसायची, आणि आपण बसलो असताना दुसऱ्या कोणी न बोलण्याची. तिला फक्त पहिला भाग ऐकू आला. मग न्या ना त्यांना, आवडीच्या ठिकाणी शब्द लवकर सुटतात, असं म्हणून तिने स्कूटरला किक मारली आणि गेली. सल्ल्याला काही पेट्रोल लागत नाही.

आता ही गळाची भानगड सांगायला हवी. लग्न झालं तेव्हा यांची नोकरी घोटीच्या पुढे एका खेड्यात होती. भाताचा मुलूख, जिकडे तिकडे पाणी. मी नामपूरची. आमच्याकडे कांदा पिकतो, आणि पाणी म्हणजे विहिरीच्या तळाशी वाकून बघायची वस्तू. गावाबाहेर एक पाझर तलाव होता, तिथे हे दर रविवारी बांबूची काठी, दोरा, गळ आणि गांडुळांचा डबा घेऊन बसायचे. ज्वारीच्या ताटाचा बोटभर तुकडा दोऱ्याला बांधून पाण्यावर सोडायचा आणि तो बुडेपर्यंत त्याच्याकडे बघत बसायचं, याला ते सुट्टी म्हणत. नव्या नवरीला फिरायला न्यायचं म्हणून मलाही न्यायला लागले. तिथे बोलायचं नाही, खोकायचं नाही, उभं राहायचं नाही. पहिल्याच रविवारी मला म्हणाले, बांगड्या वर सरकव, वाजतात. मी बांगड्या कोपरापर्यंत चढवल्या आणि मनात म्हटलं, हा आपला हनिमून.

पण सगळ्यात मोठा नियम तळ्यावरचा नव्हता, दारातला होता. जाणाऱ्याला ‘कुठं’ विचारायचं नाही. विचारलं की कामाची खोटी होते. हा नियम पुष्कळ घरांत आहे, पण तोंडदेखला. आमच्याकडे त्याची कोर्टासारखी अंमलबजावणी होती. हे गळ घेऊन निघालेत आणि वाटेत कुणी सहज विचारलं, गुरुजी, कुठं? की हे त्याच पावली परत. चपला काढायच्या, उंबऱ्यावर बसायचं, पेलाभर पाणी प्यायचं, थोडा वेळ जाऊ द्यायचा, मग नव्याने निघायचं. गावातल्या टवाळ लोकांना हे कळल्यावर त्यांनी रविवार सकाळचा तो खेळच केला. ज्याने पायथागोरसचा सिद्धांत दोन गावांच्या डोक्यात घातला तो माणूस ‘कुठं’ला भ्यायचा. एसटीत कंडक्टर आला की त्याने तोंड उघडायच्या आत हे दोन नामपूर म्हणून मोकळे व्हायचे, नाहीतर तो विचारणार, कुठं? नाशकात आल्यावर रिक्षावाला ‘कुठं?’ म्हणाला की हे पुढच्या रिक्षाकडे वळायचे.

मला बघायला यायला निघाले तेव्हाही शेजारच्या कुणीतरी घोळ घातला होता. बसले उंबऱ्यावर, गेली एसटी. माझ्या वडिलांना वाटलं, स्थळाने विचार बदलला. पोहे दोनदा गरम करून तिसऱ्यांदा गार झाले तेव्हा हे उगवले. त्या पोह्यांवर त्यांनी होकार दिला, तेव्हाच माणूस किती चिवट आहे हे मी ओळखायला हवं होतं.

त्यांच्या नियमाची खरी परीक्षा माझ्या आईने घेतली. पहिल्यांदा जावई म्हणून नामपूरला आले असताना सकाळी हे मळ्याकडे निघाले, आणि चुलीपाशी बसलेल्या आईने तिच्या अहिराणीत विचारलं, “कथा चालनात, जवाईबापू?” आमच्या बोलीत ‘कथा’ म्हणजे कुठं. यांचा एक पाय उंबऱ्याबाहेर, एक आत. परत यावं तर सासू दुखावणार, जावं तर खोटी होणार. मग निकाल दिला की कथा म्हणजे गोष्ट, तिच्यात अडवण्यासारखं काही नाही, हा शब्द चालेल. आणि गेले. तेव्हापासून आमच्या घरात तेवढी एक पळवाट झाली. हे निघाले की मी विचारायचे, कथा? ते म्हणायचे, शाळेत. कथा? बँकेत. कथा? तळ्यावर. माझ्या माहेरच्या बोलीला सासरी मिळालेला मान तेवढाच.

नंतर नाशकात बदली झाली. मुलाची दहावी आली, मग बारावी, मग माझं गुडघेदुखीचं, मग त्यांच्या शिकवण्या. रविवारी तळ्याऐवजी हॉलमध्ये पोरं बसायला लागली आणि काठी माळ्यावर गेली. त्यांनी कुरकूर केली नाही. मीही विचारलं नाही. काही गोष्टी सुटतात त्या अशाच, दाराशी कोणी ‘कुठं’सुद्धा न विचारता.

आता ती माळ्यावरून काढायची ठरली. बांबूला भुंग्यांनी पोखरलं होतं आणि बिस्किटांच्या जुन्या डब्यात गळांचा गंजून एक गोळा झाला होता. मी पुण्याला मुलाला फोन केला. त्याने आधी मला वेड्यात काढलं. थंडी केवढी, बाबांचा तोल जाईल, तळ्यात पडले तर, तू पडलीस तर. डॉक्टरांना विचार म्हणाला. डॉक्टर म्हणाले, उन्हाच्या वेळी न्यायला हरकत नाही, तेव्हा तो डॉक्टरच बदल म्हणायला लागला. सुनेने, समोरच्या वहिनींनी, सगळ्यांनी मला गळ घातली की गळ टाकायला जाऊ नका. शेवटी मुलाचा नाइलाज झाला आणि त्याने ऑनलाइन एक घडीची काठी पाठवून दिली. तिला चक्री होती, पाच भाषांतलं माहितीपत्रक होतं, त्यात मराठी नव्हती. यांनी ती काठी डाव्या हातात धरून वजन बघितलं आणि म्हणाले, हं. बऱ्याच महिन्यांनी त्यांच्या ‘हं’मध्ये मला काही अर्थ सापडला.

वहिनींचा मुद्दा वेगळा होता. मार्गशीर्ष चालू होता, आणि त्यांच्या मते मार्गशीर्षात जीव मारून नवऱ्याची वाचा मागणं म्हणजे देवाची थट्टा. मी त्यांना सांगितलं, काळजी करू नका, थंडीत मासे लागत नाहीत. हे अगदी खरं होतं. हिवाळ्यात मासा निवृत्त माणसासारखा होतो. तळाशी पडून राहतो, भूक नाही म्हणतो, आणि दुपारचं ऊन आलं तर जरा हलतो. म्हणून आम्हीही पहाटे जात नव्हतो. नाश्ता, गोळ्या, मफलर, स्वेटर असं सगळं करून ऊन चांगलं वर आल्यावर निघायचो. गाडी मी चालवते, बहुतेक तिसऱ्या गिअरमध्ये. पूर्वी शेजारी बसून हे उजव्या पायाने सारखा नसलेला ब्रेक दाबायचे. आता तो पाय तेवढा चालत नव्हता. त्या आजाराचा मला झालेला तेवढाच फायदा.

तळं जागेवर होतं, पण त्याचं आता लेक झालं होतं. समोरच्या काठाला मुंबईकरांचे बंगले आणि ‘लेक व्ह्यू प्लॉट’ अशी पाटी. ज्या दगडावर हे बसायचे तो सापडला. मी त्यावर गोधडीची घडी टाकली, त्यांना बसवलं, डबा उघडला आणि सवयीने बांगड्या वर सरकवल्या. त्यांनी ते पाहिलं. चेहऱ्याची डावी बाजू थोडी हसली, उजवीला जमलं नाही. मला एकदम भरून आलं. मी गांडुळांच्या डब्यात डोकं घातलं, म्हणजे काही दिसू नये.

तिथे बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला की आपण काय करून बसलोय. वाचा यावी म्हणून मी माणसाला आणलं कुठे, तर जगात जिथे बोलायची सक्त मनाई आहे अशा एकमेव ठिकाणी. हे मजेत होते. डाव्या हाताने काठी धरून पाण्याकडे बघत. न बोलण्याबद्दल इथे कोणी त्यांची कीव करत नव्हतं, इथे तो गुण होता. मुकी मात्र मी झाले होते. पूर्ण दुपार तोंड मिटून बसायची मला सवय नाही.

बोलायला एकच माणूस होता, बकऱ्या घेऊन येणारा गावातला एक म्हातारा. तो आमच्यामागे उभा राहून रोज एकच वाक्य म्हणायचा. “आज नाय लागायचं, ताई. काल लय लागलं. काल यायला पायजे व्हतं.” आम्ही सोमवारी गेलो तर रविवारी मासे होते, गुरुवारी गेलो तर बुधवारी. आम्ही लागोपाठ दोन दिवस गेलो, तर दुसऱ्या दिवशीही तो हेच म्हणाला. मी म्हटलं, अहो, काल आम्हीच होतो इथे. तो जरा विचारात पडला आणि म्हणाला, मग तुमी गेल्यावर लागलं आसंल.

रविवारी शहरातली पोरं यायची. जंगलातल्या शिकारीला निघाल्यासारख्या ठिपक्यांच्या पँटी, कप ठेवायला भोक असलेल्या खुर्च्या, काठ्यांना घंट्या. मासा धरायचा, त्याच्याबरोबर फोटो काढायचा, एकाने तर त्याचा मुका घेतला, आणि मग परत पाण्यात सोडायचा. खायचा नसेल तर बिचाऱ्याला उठवायचं कशाला, हे मला कळलं नाही. त्यांच्यातला एक जण यांच्याजवळ आला आणि समजवायला लागला की काका, काठी अशी नाही धरायची, मनगट असं ठेवायचं, थंडीत आमिष लहान लागतं. तो बोलतच राहिला. मी यांच्याकडे बघत होते. पूर्वी असं कोणी शिकवायला आलं की हे चार शब्दांत त्याला घरचा रस्ता दाखवायचे. आत्ताही ते चार शब्द आत तयार आहेत हे मला त्यांच्या कपाळावरून दिसत होतं. त्यांनी तोंड उघडलं. मान ताणली. बाहेर आलं, अं. आणि तो पोरगा म्हणाला, हो ना काका, बरोबर. मला इतका राग आला की सांगता येत नाही. त्या पोराचा, त्या आजाराचा, त्या तळ्याचा. मी ताडकन म्हटलं, तुम्हाला मिळालंय का काही आज? त्याने नम्रपणे जाळी वर उचलून दाखवली. आत हातभर मृगळ होता. मग मीच पाण्याकडे बघत बसले.

पुढे एकदा काठी माझ्या हातात असताना गळाला तळहाताएवढी चिलापी लागली. यांनी डाव्या हाताने इशारे केले, ओढ, सोड, ओढ, आणि मी सगळे उलटे समजूनही ती बाहेर आली. मार्गशीर्षातच. वहिनींच्या खिडकीखालून ती घरी नेली. तळताना मला एक युक्ती सुचली. मी मीठ घातलंच नाही. चिमूटही नाही. ताट पुढे ठेवलं आणि समोर बसले. म्हणा, मनात म्हणत होते, म्हणा एकदा. यांनी पहिला घास खाल्ला, थांबले, माझ्याकडे पाहिलं. मग डाव्या हाताने मिठाचा डबा ओढून घेतला, भुरभुरवलं आणि मुकाट्याने अख्खी चिलापी संपवली. मला काट्यांवरही काही उरलं नाही.

मिठाने काम झालं नाही तेव्हा मी मोठं हत्यार काढलं. एके दिवशी ते चपला घालून, काठी काखेत मारून दाराबाहेर पडले आणि मी मागून मुद्दाम, स्वच्छ आवाजात विचारलं, “कुठं?” आमच्या अख्ख्या संसारात मी तो शब्द त्यांना कधी विचारला नव्हता. चिडतील, ओरडतील, शिवी तरी देतील असं वाटलं. डॉक्टर म्हणालेच होते की कधी कधी पहिली शिवी येते. हे वळले. माझ्याकडे अविश्वासाने पाहिलं. मग परत आले, डाव्या हाताने एक एक चप्पल काढली, उंबऱ्यावर बसले आणि अंगठा तोंडाकडे नेऊन पाणी मागितलं. मी पाणी दिलं. ते सावकाश प्यायले, वेळ जाऊ दिला, पेला मला दिला, चपला घातल्या आणि निघाले. नियम जसाच्या तसा शाबूत होता, फक्त शब्द नव्हता. पुढच्या दोन खेपांनाही मी तेच केलं. दर वेळी पाणी, दर वेळी चपला. तिसऱ्यांदा पेला परत देताना त्यांनी माझ्या हातावर थोपटलं, जाऊ दे म्हणाल्यासारखं. म्हणजे मी काय करतेय हे त्यांना पहिल्या दिवसापासून कळत होतं. मग मी ते बंद केलं.

पौष लागला आणि थंडी फार वाढली. सकाळी नळाचं पाणी हाताला चावायचं. यांना खोकला झाला, डॉक्टरांनी तळं बंद केलं. गच्चीकडच्या बाल्कनीत, उन्हात, शाल पांघरून बसून राहायचं. थेरपीवाली मुलगी आंबा, हत्ती, घड्याळ घेऊन परत यायला लागली. नणंदेचा फोन आला, मी आधीच सांगत होते वेखंड द्या. कॉलनीतल्या लोकांनी तर त्या दिवसांत विचारणंच बंद केलं, आणि ते मला विचारण्यापेक्षा जास्त लागलं. आता हे असंच, असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. खरं म्हणजे मीही ठरवून टाकलं होतं.

आणि मग एका दुपारी मला तळ्याची आठवण झाली. यांच्या वाचेसाठी नाही, माझ्यासाठी. मला त्या दगडावर जाऊन बसायचं होतं, दोन तास कोणाचं औषध न देता. जिथे न बोलण्याचं दुःख करायचं कारण नाही अशा जागेची मला सवय लागली होती, याची मला लाजही वाटली आणि ओढही. धुण्याभांड्याच्या मावशी घरात होत्या, त्या संध्याकाळपर्यंत थांबते म्हणाल्या. हे बाल्कनीत डोळे मिटून पडले होते. मी कॉलनीला दिसू नये म्हणून काठी जुन्या साडीत गुंडाळली, कणकेचा गोळा डब्यात घातला, गाडीची किल्ली वाजू नये म्हणून मुठीत धरली. बांगड्या तर आधीच वर सरकवल्या होत्या. चोराच्या पावलांनी दारापाशी आले, चपला घातल्या, एक पाय उंबऱ्याबाहेर टाकला.

मागून आवाज आला. आधी नुसतं ‘कु’. बंद पडलेला पंप सुरू होताना करतो तसा अडखळत, दोनदा, तीनदा. मी वळले. हे बाल्कनीच्या दारात उभे होते. शाल खाली पडलेली, मफलर सुटलेला, डाव्या हाताने चौकट धरलेली, भुवया चढलेल्या. मला सोडून तळ्यावर चाललीस, असा संताप सगळ्या चेहऱ्यावर, दोन्ही बाजूंना.

“कुठं?”

आयुष्यभर जो शब्द कोणाला विचारू दिला नाही, तोच. ना कंडक्टरला, ना रिक्षावाल्याला. तो माझ्यावर टाकला, आणि तोही मी निघालेली असताना, पूर्ण नियम मोडून. माझ्या हातातली काठी साडीसकट खाली पडली. मावशी ओल्या हातांनी मोरीतून धावत आल्या आणि त्यांनीही तोंडावर हात ठेवला.

“कुठंच नाही,” मी म्हटलं.

मग मी चपला काढल्या आणि उंबऱ्यावर बसले. मी रडत होते आणि लपवत नव्हते. हे सावकाश पाय ओढत स्वयंपाकघरात गेले, डाव्या हाताने माठातून पेला भरला, निम्मं पाणी वाटेत सांडलं, आणि उरलेलं माझ्यासमोर धरलं. मी प्यायले. ते माझ्याशेजारी उंबऱ्यावर बसले. मी म्हटलं, अहो, पुन्हा एकदा म्हणा ना. त्यांनी माझ्याकडे फळ्यासमोरून बघायचे तसं पाहिलं. उत्तर एकदा आलं होतं, पुन्हा सोडवायची गरज नव्हती.

समोरच्या खिडकीतून वहिनी बघत होत्या. साडीत गुंडाळलेली काठी, दारात पडलेल्या चपला, उंबऱ्यावर दोन म्हातारी माणसं, हे सगळं पाहून त्यांनी विचारलं, काय हो, जाणार होतात का कुठे?

त्या दिवशी आम्ही तळ्यावर गेलो नाही. ‘कुठं’ विचारल्यावर कोण जातं?